डोळ्याच्या पुढच्या भागाचा ओसीटी (प्रकाशकिरणाने घेतलेला आडछेद): कॉर्निया आणि आयरिसमधला कोन नीट कसा टिपायचा

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या आजी खुर्चीत बसल्या की आधी खोलीतले दिवे घालवा आणि दोन-तीन मिनिटं थांबा. उजेडात बाहुली आकसते, आयरिस (बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा) ताणली जाते आणि अरुंद कोनही मोकळा दिसतो. काचबिंदूची शंका इथेच निसटते. बाहुली मोठी करणारे थेंब आधी घालायचे नाहीत.

कपाळ पट्टीला टेकलेलंच हवं. "आजी, आतल्या ठिपक्याकडे बघा." कॉर्नियाच्या (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याच्या) मध्यावर उभी चकचकीत रेघ उमटली की किरण सरळ पडलाय; नसेल तर स्कॅन तिरका. पहिला स्कॅन आडवा, ० ते १८० अंशांचा. दोन्ही टोकांना स्क्लेरल स्पर (कोनाजवळचा स्क्लेराचा छोटा उंचवटा, मोजमापाची खूण) दिसला नाही तर मोजमाप फुकट. वरचा कोन घेताना पापणी भुवईच्या हाडावर धरा. बोट डोळ्यावर दाबलं तर कोनाचा आकारच बदलतो, आणि ही चूक सर्रास होते.

१३१० नॅनोमीटर तरंगलांबीच्या यंत्राचा किरण स्क्लेरातून (डोळ्याच्या पांढऱ्या भागातून) खोल जातो, ८४० च्या आसपासचं कॉर्निया बारकाईने दाखवतं. आयरिसमागे दोन्ही थिटी, तिथे यूबीएम (डोळ्याला टेकवून करायची बारीक सोनोग्राफी).

उत्तरायणात, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या दिवसांत, मांजाने चिरलेला डोळा आला तर मात्र यूबीएम नको, पापणीही ओढू नका. डोळ्यावर कडक शील्ड (दाब न देणारी वाटीसारखी ढाल) लावून लगेच सर्जनकडे.