शाळेत टीव्ही आला, टॅब आले, तरी लेकरं तिथंच? या चुका टाळा

मागच्या वर्षी आमच्याच भागातल्या एका शाळेत गेले होते. सातवीच्या वर्गात भिंतीवर मोठ्ठा टीव्ही, सरांनी पचनसंस्थेचा व्हिडिओ लावलेला आणि लेकरं एकदम चिडीचूप. दारातून बघणाऱ्याला वाटावं काय भारी वर्ग चाललाय! मी मागच्या बाकावर एका पोराशेजारी जाऊन बसले आणि व्हिडिओ संपल्यावर त्याला हळूच विचारलं, काय रे, घास गिळल्यावर पुढं कुठं जातो? तो म्हणला, "मॅडम, लाल पाइपातून जातो." चित्रात अन्ननलिका लाल रंगानं दाखवली होती, तेवढंच त्याच्या डोक्यात राहिलं.

पोरगं हुशार होतं बरं का, लक्ष देऊन बघत होतं. पण बारा मिनिटं त्याला बघण्याशिवाय दुसरं कामच नव्हतं. बीड जिल्ह्यात धारूरच्या घाटाकडं माझी जिल्हा परिषदेची शाळा, एकोणीस वर्षं झाली शिकवतेय, आणि शाळेत आलेली प्रत्येक नवी वस्तू मी आता एकाच प्रश्नावर पारखते: ही वस्तू चालू असताना लेकरू नेमकं काय करायलंय? मशीन काय काय करतंय ते कंपनीवाला सांगतोच, लेकराचं आपल्यालाच बघावं लागतं.

व्हिडिओ लावला की शिकवून झालं असं धरणं

ही सगळ्यात मोठी चूक, आणि सगळ्यात जास्त होणारी. व्हिडिओ बघताना सगळं कळल्यासारखं वाटतं, पण ते वाटणं फसवं असतं. २००६ साली रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकेतल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी कॉलेजच्या मुलांवर एक प्रयोग केला होता. काही मुलांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून बाजूला ठेवला आणि आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे पुढं होते, आणि आठवड्यानं विचारलं तर आठवून लिहिणारे पुढं गेले! म्हणजे आपण तास संपताना "कळलं का?" विचारतो आणि सगळे "होऽऽ" म्हणतात ना, ते पाच मिनिटांवालं कळणं असतं.

मग करायचं काय, तर व्हिडिओ आदल्या दिवशी आपण पूर्ण बघायचा, त्यातला आपल्या कामाचा तीन-चार मिनिटांचाच तुकडा घ्यायचा आणि तोही मधी थांबवायचा. थांबवलं की विचारायचं, आता पुढं काय होईल? पाटीवर लिहा. हो, पाटीच. सगळ्यांनी एकदम पाटी वर धरली की कोण कुठं अडकलंय ते दोन सेकंदात दिसतं, हात वर करणाऱ्या त्याच त्या चार पोरांवर वर्ग चालत नाही. मग पुढचा तुकडा. शेवटी टीव्ही बंद करून वहीत आकृती काढायला लावायची, न बघता. दुसऱ्या दिवशी हजेरी झाली की परत दोन प्रश्न.

वर्गाला टॅब नसतील आणि तुमच्याकडं एकच स्मार्टफोन असेल तर प्लिकर्स नावाचं ॲप वापरून बघा. प्रत्येक लेकराच्या हातात एक छापील कार्ड असतं, त्यावर चौकोनी खूण असते, कोणती बाजू वर धरली त्यावरून त्याचं उत्तर ठरतं आणि तुम्ही फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवला की कोणाचं काय उत्तर ते फोनवर येतं. खुणा वेगवेगळ्या असल्यानं शेजारच्याचं बघून काही कळत नाही. लाजरी पोरं यात बिनधास्त उत्तर देतात, हे मी स्वतः बघितलंय.

दारात खरं असताना पडद्यावर दाखवणं

याचं मला फार वाईट वाटतं. बियाणं कसं उगवतं याचा परदेशी बनावटीचा ॲनिमेशन व्हिडिओ चाललाय आणि शाळेच्या भिंतीला लागून सोयाबीनचं शेत! आपल्याकडं पेरणीच्या आधी शेतकरी घरच्या बियाण्याची उगवण तपासतात, १०० दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचे आणि सहा-सात दिवसांनी कोंब आलेले मोजायचे. कृषी विभागही दरवर्षी हेच सांगतो, की ७० किंवा त्याच्यावर उगवले तर हेक्टरी ७५ किलो म्हणजे एकरी ३० किलो बियाणं पुरतं, कमी उगवले तर बियाण्याचं प्रमाण वाढवायचं.

मागच्या जूनमधी शाळा उघडली तसं मी सहावीच्या लेकरांना घरनं दाणे आणायला सांगितलं. पाच गट, पाच घरांचं बियाणं, पाच गोणपाटाचे तुकडे. आणि माझा फोन एका विटेवर, विटेभोवती खडूनं चौकोन आखला म्हणजे रोज त्याच जागेवरून, तेवढ्याच अंतरावरून फोटो निघेल. रोज अकरा वाजता गटातल्या एकानं गोणपाट उलगडायचं, फोटो काढायचा, पाणी शिंपडायचं, परत गुंडाळायचं. सातव्या दिवशी सगळे फोटो टीव्हीवर एकामागं एक लावले तर एक पोरगी उठून टीव्हीजवळ गेली आणि बोट ठेवून म्हणली, "मॅडम, ह्या दाण्याचं तोंड वर होतं, तरी मूळ खालीच वळलंय." मी सांगितलं नव्हतं, पुस्तक उघडलं नव्हतं! नुसत्या डोळ्यानं रोज बघताना ते कोणाच्या ध्यानात आलं नसतं, फोटो शेजारी शेजारी आले म्हणून आलं. इथं फोननं खरं काम केलं. एका गटाचे ६४ दाणे उगवले होते, त्या पोराच्या बापानं दुसऱ्या दिवशी शाळेत येऊन फोटो बघितले आणि त्या पोत्यातलं बियाणं वाढवून पेरलं. शेकडेवारीचा धडा त्या वर्गाला मला वेगळा शिकवावा लागला नाही.

सिम्युलेशनचं, म्हणजे पडद्यावर करून बघायच्या प्रयोगाचं पण तसंच. फेट नावाची मोफत सिम्युलेशन्स आहेत, नोबेल मिळालेले शास्त्रज्ञ कार्ल वाइमन यांनी २००२ मधी कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेली, बरीच मराठीतही आहेत आणि एकदा डाउनलोड केली की नेट नसतानाही चालतात. पण आधी टॉर्चचा बल्ब, एक सेल आणि वायरचा तुकडा लेकरांच्या हातात द्या, बल्ब पेटेना म्हणून त्यांना थोडं झुंजू द्या, मग सिम्युलेशन उघडा. तारेतून वाहणारे इलेक्ट्रॉन खऱ्या तारेत दिसत नाहीत, तिथं दिसतात. शॉर्ट सर्किट केलं की बॅटरीला जाळ लागलेला दिसतो, ते वर्गात खरं करून दाखवता येत नाही. जे डोळ्याला दिसत नाही किंवा जे धोक्याचं आहे त्यासाठी पडदा, बाकी जमेल तेवढं हातानं.

एआयनं काढलेला पेपर न वाचता छापणं

आता हे सगळीकडं सुरू झालंय आणि वापरू नका असं मी अजिबात म्हणणार नाही, कारण चौथीला आठवडी बाजारावरची दहा शाब्दिक उदाहरणं पाहिजेत तर एआय दोन मिनिटांत देतं आणि आपला रात्रीचा तास वाचतो. पण एका ग्रुपवर फिरत आलेली तयार प्रश्नावली मी उघडली तर त्यात लिहिलेलं, मराठवाडा १५ ऑगस्ट १९४७ ला स्वतंत्र झाला! अहो, आपल्याकडं निजामाचं राज्य होतं, १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा आत आल्या आणि १७ सप्टेंबरला निजाम शरण आला, म्हणून तर आपण शाळेत १७ सप्टेंबरला झेंडा लावतो. असं का होतं, तर एआय वाचलेल्या मजकुरावरून पुढचा शब्द जुळवत जातं, आणि देशभराचा मजकूर ढिगानं असतो, आपल्या भागाचा थोडा. त्यामुळं गावाचं, तालुक्याचं, मुक्तिसंग्रामाचं काही असलं की दुप्पट तपासा. गणिताची उदाहरणं स्वतः सोडवून बघा, उत्तरं बिनचूक असतीलच असं नाही. आणि लेकरांची नावं, आजार, घरची परिस्थिती असलं काही त्यात टाकू नका.

ती प्रश्नावली मी फेकली नाही. सातवीला दिली आणि सांगितलं, ह्या पानात एक मोठी चूक आहे, पुस्तकात बघा, घरी आज्याला विचारा आणि शोधून आणा. दुसऱ्या दिवशी अर्धा वर्ग रझाकारांच्या गोष्टी घेऊन आला.

छोट्या वाटणाऱ्या पण तास घालवणाऱ्या भानगडी

पेपर दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडला आणि मराठीच्या जागी भलतीच अक्षरं आली? तो श्रीलिपी नाहीतर कृतिदेव फॉन्टमधी टाइप केलाय आणि तो फॉन्ट त्या कॉम्प्युटरवर नाहीये. तात्पुरता इलाज, आहे तिथूनच पीडीएफ करून आणा. कायमचा इलाज, युनिकोडमधी टाइप करा, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर मराठी मराठीच दिसते, फोनवर बोलून टाइप केलेलं युनिकोडच असतं.

वर्गात गेल्यावर क्यूआर कोड स्कॅन करायला लागू नका. बालभारतीच्या पुस्तकातले कोड दीक्षा ॲपवर उघडतात आणि धडा डाउनलोड करून ठेवता येतो, रेंज असलेल्या जागी आदल्या दिवशीच करून घ्या. यूट्यूबवरचं दाखवायचं असेल तर ऑटोप्ले आधी बंद करा, नाहीतर व्हिडिओ संपल्या संपल्या पुढं काय सुरू होईल ते आपल्या हातात राहत नाही.

प्रोजेक्टर बटणानं बंद करा, आतला पंखा थांबेपर्यंत मेन स्विच काढू नका, दिवा गरम असतो. आपल्याकडं धूळ बेक्कार, त्यामुळं फिल्टर महिन्यातून एकदा साफ करा. चित्र फिकट दिसतंय म्हणून मेकॅनिक बोलवायच्या आधी खिडकीला जाड चादर लावून बघा.

आणि पासवर्ड! माझ्या माहितीतल्या एका शाळेत सगळे व्हिडिओ, निकाल, फोटो एका सरांच्या नंबरवर काढलेल्या खात्यात होते. सरांची बदली झाली, नंबरही बदलला, ओटीपी येणार कुठं? सहा वर्षांचं काम आत अडकलं. शाळेचं खातं शाळेच्या नावानं काढा, रिकव्हरीला दोन नंबर द्या आणि बदलीच्या चार्ज यादीत टीव्ही-कपाटासोबत पासवर्डचं पाकीटही लिहा.

ग्रुपवर सगळ्यांचे मार्क टाकणं

करू नका. कमी मार्कवाल्या लेकराला त्या दिवशी सगळ्या गल्लीत तोंड लपवावं लागतं. शिवाय २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचं प्रत्येक लेकरू बालकच धरलंय आणि त्याची माहिती वापरायला पालकांची संमती लागते असं म्हटलंय. ज्याचे मार्क त्याच्याच आईबापाला सांगा.

प्रत्येकाच्या घरी फोन मोकळा आहे असं समजणं

घरी फोन आहे का विचारलं की सगळे हो म्हणतात. विचारायचं हे, की फोन किती वाजता घरी येतो? तो बापाच्या खिशात शेतावर असतो, रात्री आठला येतो, चार्जिंगला लागतो, मधी थोरल्या भावाला पाहिजे असतो, आणि संध्याकाळी पाचला टाकलेला गृहपाठ सातपर्यंत मागितला की नेमकी गरिबाची लेकरं "अभ्यास न करणारी" ठरतात.

आमच्याकडं तर दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, कोणी पश्चिम महाराष्ट्रात, कोणी कर्नाटकात, आणि जी लेकरं आजीकडं किंवा हंगामी वसतिगृहात राहत नाहीत ती आईबापासोबत उसाच्या फडावर जातात. त्यांच्यासाठी मी आधी व्हिडिओच्या लिंका पाठवायचे. एकही उघडली जायची नाही, कारण डेटा संपलेला असायचा. आता मिनिटभराचा आवाजी मेसेज पाठवते, एक छोटी गोष्ट किंवा एकच गणित, आणि जाताना प्रत्येकाच्या दप्तरात कागदाची कामपत्रिका देते. उत्तरही आवाजातच मागते, लिहून फोटो काढायचा म्हणलं तर कोपीत, म्हणजे फडाजवळच्या त्यांच्या झोपडीत, उजेड नसतो.

गेल्या जानेवारीत पाचवीतल्या एका पोरीचा मेसेज आला, रात्री सव्वानऊला, मागं बैलांच्या घुंगरांचा आवाज. माझ्या गणिताचं उत्तर तिनं सांगितलंच नाही, मलाच गणित घातलं: "मॅडम, आईनं ३८ मोळ्या बांधल्या, बाबानं ४५, मी ७. गाडीत १२० बसतात. अजून किती पाहिजेत?" तिनं बांधलेल्या त्या सात मोळ्यांवर मी बराच वेळ अडकून राहिले. मग टोळीच्या मुकादमाला फोन केला, आणि उत्तर तिला दुसऱ्या दिवशी रात्री नऊनंतरच पाठवलं, कारण फोन तेव्हाच कोपीवर येतो.