बाईकची चेन घरी साफ कशी करायची आणि ऑइल नेमकं कुठे टाकायचं

चेनला ऑइल मारायचं म्हणजे स्प्रेचा डबा घ्यायचा, चेनवर वरून फुस्स करून मारायचा आणि किक मारून निघायचं, असंच बहुतेकांचं चालतं. मग ते ऑइल रिमवर उडतं, मागच्या मडगार्डवर उडतं, टायरवर उडतं आणि चेन जिथे खरंच घासते तिथे कोरडीच राहते. वरून काळी, ओली, चकचकीत दिसणारी चेन म्हणजे ऑइल पोचलेली चेन नाही हो, बऱ्याचदा ती फक्त धूळ चिकटलेली चेन असते. या कामात ऑइल कमीच लागतं, पण ते आतल्या बाजूने पडायला हवं आणि मुरायला वेळ मिळायला हवा.

आधी आपली चेन कुठली ते बघा. मोबाईलचा टॉर्च लावून अगदी जवळून बघा, बाहेरची पट्टी आणि आतली पट्टी यांच्या फटीत काळ्या रबराची बारीक रिंग दिसते का? दिसत असेल तर ती ओ-रिंग किंवा एक्स-रिंगवाली सील्ड चेन. तिच्यात पिन आणि बुश (पिनेभोवतीचं बारीक नळकांडं) यांच्यामध्ये कारखान्यातच ग्रीस भरलेलं असतं आणि ती रबरी रिंग ते आत धरून ठेवते, म्हणजे आपण बाहेरून कितीही ऑइल ओतलं तरी आतल्या पिनेपर्यंत ते जाणारच नाही, जायची गरजही नाही. मग ऑइल लावायचं कशाला? तर रोलर (बुशवर फिरणारं गोल नळकांडं) आणि स्प्रॉकेटचे, म्हणजे चेन ज्यावर फिरते त्या दातेरी चाकाचे, दाते एकमेकांवर घासतात त्यासाठी, गंज लागू नये म्हणून, आणि रबर सुकून तडकू नये म्हणून. रिंग नसेल तर साधी चेन, बऱ्याच छोट्या गाड्यांना कव्हरच्या आत असते ती. तिला मात्र ऑइल पिनेपर्यंत जायलाच हवं, त्यामुळे तिला जास्त वेळा आणि पातळ ऑइल लागतं.

(पट्टीवर ४२८, ५२०, ५२५ असा काहीतरी आकडा कोरलेला असतो, तो लिहून ठेवा, चेन बदलताना लागतो. त्यातला पहिला अंक म्हणजे दोन पिनांमधलं अंतर इंचाच्या अष्टमांशात, म्हणजे ४२८ ला अर्धा इंच, १२.७ मिलिमीटर, आणि ५२० ला पाच अष्टमांश.)

आता सामान. रॉकेल किंवा विकतचा चेन क्लीनर, मऊ ब्रश, एखादा जुना टूथब्रश, भरपूर चिंध्या, खाली टाकायला पुठ्ठा, हातमोजे. बस. पेट्रोल आणि थिनर नको, रबराच्या रिंगा त्याने फुगतात नाहीतर कडक होतात आणि एकदा रिंग गेली की आतलं ग्रीस गेलं, मग चेन किती दिवस टिकेल त्याचा भरवसा नाही. तारेचा ब्रशही याच कारणाने नको. आणि वॉशिंगवाल्याच्या प्रेशर गनने चेनवर जवळून फवारा मारू देऊ नका, पाणी रिंगेच्या आत घुसतं आणि बाहेर यायला रस्ता नसतो.

सुरू करायच्या आधी एक गोष्ट, आणि ही मी ओरडून सांगतोय असं समजा. इंजिन बंद, चावी खिशात, गाडी न्यूट्रलमध्ये. डबल स्टँडवर लावून, पहिला गिअर टाकून, इंजिन चालू ठेवून फिरत्या चेनला फडकं धरणारे लोक आहेत, व्हिडिओतसुद्धा दिसतात. फडकं चेन आणि स्प्रॉकेटच्या मध्ये गेलं की बोट सोबत जातं आणि हात मागे घ्यायला वेळच मिळत नाही. चाक हाताने फिरवा, त्याला काही जास्त वेळ लागत नाही. हाताने फिरवतानाही दुसऱ्या हाताची बोटं स्प्रॉकेटपासून लांब ठेवा. आणि सायलेन्सर गरम असेल तर रॉकेल उघडूच नका, आधी गार होऊ द्या.

डबल स्टँड असेल तर सोपं, पॅडॉक स्टँड (मागचं चाक उचलून धरणारा वेगळा स्टँड) असेल तरी सोपं. दोन्ही नसतील तर साइड स्टँडवर लावून जेवढा भाग समोर आहे तेवढा साफ करायचा, मग गाडी थोडी पुढे ढकलायची, मग पुढचा भाग. कंटाळवाणं आहे पण होतं. कुठून सुरुवात केली ते कळायला एका कडीवर खडूने खूण करून ठेवा, नाहीतर एकच भाग दोनदा होतो आणि एक तसाच राहतो.

आधी कोरड्या चिंधीने वरवरचा चिखल नि काळा थर पुसून काढा, थेट रॉकेल लावलं तर तोच चिखल पातळ होऊन आत शिरतो. मग ब्रश रॉकेलमध्ये बुडवून खालच्या बाजूची चेन घासायची, वरून, खालून, दोन्ही बाजूंनी, चारही अंगांनी. आतली बाजू, म्हणजे जी स्प्रॉकेटला लागते ती, तिथेच खरी घाण असते आणि तीच सगळे विसरतात. चेन रॉकेलमध्ये भिजत वगैरे घालायची नाही, ब्रशने लावायचं, घासायचं, लगेच पुसायचं. मागच्या स्प्रॉकेटचे दाते टूथब्रशने. पुढच्या स्प्रॉकेटचं कव्हर उघडता येत असेल तर कधीतरी उघडून बघाच, आत जुन्या ल्युबचा (म्हणजे चेनच्या ऑइलचा) आणि मातीचा एवढा काळा लगदा निघतो की खरवडून काढावा लागतो. दर वेळी उघडायची गरज नाही. मग स्वच्छ कोरड्या फडक्याने चेन हलकी धरून चाक उलटं फिरवा, म्हणजे धरलेला भाग स्प्रॉकेटपासून लांब जाईल असं, फडक्यावर काळे डाग कमी होत येईपर्यंत. थोडा वेळ तशीच वाळू द्या. उरलेलं रॉकेल गटारात ओतू नका आणि रॉकेलच्या चिंध्यांचा बोळा घरात कोपऱ्यात टाकून ठेवू नका, पेट घेणारी वस्तू आहे ती.

चेन स्वच्छ आहे तोवरच तिची तपासणी उरकून घ्या, ऑइल लागल्यावर काही दिसत नाही. चाक हळूहळू फिरवत एकेक कडी मागच्या स्प्रॉकेटवरून सुटताना बघा, एखादी कडी सरळ न होता वाकलेलीच राहत असेल तर ती जाम आहे. पट्ट्यांच्या फटीतून तांबूस पावडर येत असेल तर तिथली रिंग गेली आणि आत गंज सुरू झालाय, वरून कितीही ल्युब मारलं तरी ती कडी परत येत नाही. स्प्रॉकेटचे दाते एका बाजूला हुकासारखे वाकलेले दिसत असतील तर त्यांचंही आयुष्य संपलं. आणि ही साधी टेस्ट करा, मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या टोकाला चेन बोटांनी धरून मागे ओढायची. नीट चेन जागची हलत नाही फारशी. अर्ध्याहून जास्त दाता उघडा पडत असेल तर चेन सेट बदलायचा, तोही पूर्ण सेट, चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट. जुन्या दात्यांवर नवी चेन टाकली तर जुने दाते तिला लवकर खाऊन टाकतात.

चेन लांब झाली असं आपण म्हणतो पण लोखंड काही ताणलं गेलेलं नसतं. प्रत्येक पिन आणि बुश थोडं थोडं झिजतं आणि सगळ्यांची बेरीज होते. समजा ११० कड्या आहेत आणि प्रत्येक जोडापाशी फक्त ०.१ मिलिमीटर झीज झाली, तर चेन ११ मिलिमीटरने वाढली. केसाएवढी झीज, पण मागे ॲडजस्टर (मागचं चाक मागे सरकवून चेन ताणणारा स्क्रू) बराच ओढावा लागतो, तो यामुळे.

ढिलाई पण आत्ताच बघा. खालच्या चेनच्या मध्यावर मोजपट्टी उभी धरून चेन बोटाने वर-खाली करा, एकूण किती हलते ते मोजा. कुठल्या गाडीला किती हवी ते मॅन्युअलमध्ये आणि बऱ्याचदा स्विंग आर्मच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याच्या) स्टिकरवर लिहिलेलं असतं, गाडी साइड स्टँडवर ठेवून मोजायची की डबल स्टँडवर तेही तिथेच असतं. रस्त्यावरच्या साध्या गाड्यांना साधारण २० ते ३० मिलिमीटर, उंच सस्पेन्शनवाल्यांना त्याहून जास्त. चाक फिरवून तीन-चार ठिकाणी मोजा, कारण जुनी चेन सगळीकडे सारखी ढिली नसते, आणि ॲडजस्ट करताना सगळ्यात टाइट जागेवरचं माप धरा. खूप लोकांना चेन टाइट असलेली आवडते, लटकताना दिसली की चैन पडत नाही. पण खड्ड्यात सस्पेन्शन दबलं की मागचं चाक पुढच्या स्प्रॉकेटपासून आणखी लांब जातं आणि तिथे ढिलाई शिल्लक नसेल तर सगळा ताण गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर येतो. ढिली चेन खडखडते, निदान कळतं तरी. टाइट चेन गुपचूप खर्च काढते. ॲडजस्ट केलं तर दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या आहेत ना ते बघा आणि एक्सल नट (मागच्या चाकाच्या दांड्याचा) परत नीट आवळा, शक्यतो टॉर्क पाना (ठरावीक जोराने आवळणारा) लावून.

आता ऑइल. खालची चेन, तिची वरची म्हणजे आतली बाजू, नळी तिथे. चेन फिरताना तेल बाहेरच्या दिशेला फेकलं जातं, त्यामुळे आतून टाकलेलं तेल चेनमधून बाहेर यायचा प्रयत्न करतं आणि वाटेत रोलर, पट्ट्या, रिंगा सगळं भिजवतं. बाहेरून टाकलेलं थेट हवेत जातं, मग ते टायरवर. स्प्रे असेल तर बारीक नळी लावा आणि टायरच्या बाजूला पुठ्ठ्याचा तुकडा आडवा धरा. मारायचं कुठे तर आतल्या आणि बाहेरच्या पट्टीच्या फटीत, दोन्ही बाजूंना, आणि रोलरवर थोडं. चाकाचा एक पूर्ण फेरा नाही, चेनचा एक पूर्ण फेरा, खडूची कडी परत समोर येईपर्यंत. गिअर ऑइल वापरत असाल, ९० नंबरचं किंवा ८०डब्ल्यू-९०, तर पिचकारीने किंवा ड्रॉपरने थेंब थेंब टाका. स्वस्त पडतं, उत्तम काम करतं, फक्त उडतं जास्त आणि लवकर लावावं लागतं. धुळीच्या रस्त्यावर वॅक्सवालं ल्युब बरं, पावसात जरा चिकट ल्युब बरं, माझं मत विचाराल तर ब्रँडपेक्षा पुसणं जास्त महत्त्वाचं.

जाडं ग्रीस चोपडू नका. ते आत शिरत नाही, वर बसतं, वाळू पकडतं आणि मग ती पेस्ट पॉलिश पेपरचं काम करते. जळकं इंजिन ऑइल पण नको, फुकट मिळतं हे खरं पण त्यात काजळी नि धातूचा कीस असतो. डब्ल्यूडी-४० ने घाण सुटते, पाणी निघतं, पण ते लावलं म्हणजे चेन ल्युब झाली असं नाही.

ऑइल टाकून झालं की हाताने चेन पाच-सहा फेरे फिरवा आणि सोडून द्या. स्प्रेमधला पातळ करणारा द्रव उडून गेल्यावरच ल्युब जाग्यावर बसतं, त्याला निदान अर्धा तास तरी द्या, रात्रभर मिळाली तर फारच छान. म्हणून हे काम निघताना नाही, फिरून आल्यावर करायचं, तेव्हा चेन कोमटही असते आणि ऑइल छान पसरतं. मग शेवटी कोरड्या फडक्याने बाहेरचं जास्तीचं ऑइल पुसून टाका, हो, आत्ताच लावलेलं. बाहेरच्या पट्ट्यांवर गंज लागू नये एवढा पुसट थर उरला की पुरे. लोकांना इथे जिवावर येतं, पण बाहेरचं ऑइल फक्त धूळ गोळा करतं.

किती वेळा? ल्युब साधारण ५०० ते १००० किलोमीटरला, मॅन्युअलमध्ये वेगळं असेल तर ते खरं. पावसात भिजली किंवा गाडी धुतली तर किलोमीटर मोजत बसू नका, पुसून वाळवून लगेच लावा. रॉकेल-ब्रशची पूर्ण सफाई दर वेळी नको, चेन काळीकुट्ट आणि खरखरीत लागायला लागली की करायची.

दोन गोष्टी निघायच्या आधी बघून घ्या. चेनला लॉकवाली कडी असेल तर तिच्या क्लिपचं बंद टोक चेन ज्या दिशेला धावते त्या दिशेला हवं, उघडं टोक मागे, आणि क्लिप खाचेत घट्ट बसलेली हवी. आणि मागच्या टायरवर किंवा ब्रेक डिस्कवर ऑइलचे शिंतोडे गेलेत का ते बोट फिरवून बघा. डिस्क ब्रेक क्लीनरने पुसा, टायर साबणाच्या पाण्याने धुवा, आणि पहिले दोन-चार ब्रेक हळू गाडीवर मारून बघा, मगच पळवा.