आधी सम धरा, रागाचं नाव मागाहून

गोव्यातल्या फोंड्यात माझं वह्या-पेनांचं दुकान. चाळिशी उलटेपर्यंत शास्त्रीय गाणं म्हणजे देवळाच्या उत्सवात मागे बसून पेंगायचं निमित्त. परवा भाची म्हणाली, "मामा, मला गाण्यातलं काहीच कळत नाही. सुरुवात कुठून करू?"

रागांची पुस्तकं तेवढी घेऊ नको, म्हटलं. मी घेतली होती. आरोह-अवरोह, म्हणजे स्वरांचे चढ-उतार, पाठ झाले, पण गाणं सुरू झालं की एक राग ओळखता येईल तर शपथ!

आधी तबला ऐक. तीनताल हा ताल सोळा मात्रांचा, म्हणजे सोळा सारख्या ठोक्यांचा. पहिल्या, पाचव्या, तेराव्या मात्रेला टाळी. नवव्या मात्रेला टाळी नाही, तिला 'खाली' म्हणतात. मी गल्ल्यावर बसून मांडीवर मोजायचो. मोजणी चुकली तर डग्ग्याकडे, म्हणजे तबल्याच्या जोडीतल्या डाव्या हाताच्या मोठ्या वाद्याकडे, कान लाव. साध्या ठेक्यात दहाव्या मात्रेला त्याचा घुमारा नाहीसा होतो, चौदाव्याला परत येतो. चवथीच्या आरतीत घुमट, आपलं मातीच्या घटाचं वाद्य, थांबलं की तुला लगेच कळतं ना? तोच कान इथे लावायचा. घुमारा परतला की चौदा, पंधरा, सोळा, आणि सम, म्हणजे पुन्हा पहिली मात्रा! मुखडा, म्हणजे गाण्याची सुरुवातीची ओळ, घेऊन गायक तिथेच येऊन बसतो. पुढच्या रांगेतली म्हातारी मंडळी एकदम मान का हलवतात, ते असं मोजता-मोजताच उमगलं.

मग गायिका केसरबाई केरकर. आपल्याच तालुक्यातल्या केरीच्या, जन्म 1892 चा. त्यांची 'जात कहाँ हो' ही भैरवी 1977 साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली. जेमतेम साडेतीन मिनिटांची. पणजीच्या बसमध्ये सात-आठ वेळा ऐकून होते. त्यानंतर महिनाभर एकच राग, भूप. पाचच स्वर, मध्यम-निषाद, म्हणजे म आणि नी, नाहीत. किशोरीताई आमोणकरांचं 'सहेला रे' लाव. त्यांच्या आई मोगूबाई कुर्डीच्या. ते गाव साळावलीच्या धरणात गेलं, मे महिन्यात पाणी ओसरलं की वर येतं. केसरबाई आणि मोगूबाई, दोघींचे गुरू अल्लादिया खाँ. त्यांच्या जयपूर-अत्रौली घराण्याचा विलंबित, म्हणजे धिम्या लयीतला ख्यालही फार संथ नसतो, त्यामुळे नवख्याची मोजणी सुटत नाही. म्हणून मी इथूनच सुरुवात करायला सांगतो; किराणा घराण्याचे चाहते रागावोत.

कला अकादमीच्या केसरबाई समारोहाला ये. तबलजीचे हात दिसतील अशी खुर्ची धर. झोप आली तर खुशाल झोप, जलद लयीची द्रुत सुरू झाली की जाग येतेच. मोबाइल मात्र बंद ठेव. गेल्या खेपेला माझाच वाजला, तोही नेमका समेवर.