किशोरवयीन विद्यार्थ्यांना भावना आवरायला कसं शिकवावं?

चिडलेलं तेरा-चौदा वर्षांचं मूल ‘शांत हो’ म्हटल्याने शांत होत नाही. या वयात भावना उसळतात लगेच, पण त्यांना आवर घालणारा मेंदूचा कपाळामागचा भाग साधारण पंचविशीपर्यंत घडतच असतो. म्हणून भांडणाच्या वेळी उपदेश नको. तयारी आधीच, शांत दिवशी करून घ्यावी.

१. सुरुवात शब्दांपासून करा. मुलं सगळ्यालाच ‘टेन्शन’ किंवा ‘डोकं फिरलं’ म्हणतात. फळ्यावर लिहा: अपमान, हिरमोड, धास्ती, मत्सर, घुसमट, ओशाळणं. मग विचारा, ‘पेपर मिळाला, शेजारच्याला जास्त गुण आहेत. यातलं काय वाटतं?’ आधी हसतील, मग बोलतील. सगळ्यांसमोर बोलायची सक्ती करू नका, वहीच्या मागच्या पानावर लिहिलं तरी पुरे. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ मॅथ्यू लीबरमन यांच्या गटाने २००७ साली दाखवलं, की भावनेला नाव दिल्यावर मेंदूतल्या अमिग्डालाची, म्हणजे भीती-रागासारख्या भावनांना झटकन प्रतिसाद देणाऱ्या भागाची, प्रतिक्रिया कमी होते. या पायरीला आठवडा लागला तरी घाई करू नका, पुढचं सगळं यावरच उभं आहे.

२. राग येताना शरीरात काय होतं ते ज्याचं त्याला शोधू द्या. कुणाचे कान तापतात, कुणाच्या मुठी वळतात.

३. हजेरीनंतर रोज पाच-सहा श्वास: चार मोजत घ्यायचा, सहा मोजत सोडायचा. श्वास सावकाश सोडताना हृदयाचे ठोके मंदावतात.

४. ‘जर-तर’ वाक्य मुलाने स्वतःच लिहावं. ‘जर कुणी चिडवलं, तर मी आधी पाणी पिईन, मग बोलेन.’

५. प्रसंगाचा दुसरा अर्थ शोधायला लावा. मित्राने मेसेज वाचून उत्तर दिलं नाही, म्हणजे तो टाळतोयच असं नाही, क्लासलाही असेल. पण जातीवरून टोमणे, मारहाण, छेडछाड होत असेल तर हे मुळीच करू नका. तिथे मुलाचा राग योग्य असतो, आणि पाऊल मोठ्यांनी उचलायचं असतं.

६. तोल गेलाच, तर वर्गासमोर झापू नका. नंतर बाजूला घेऊन विचारा, ‘कुठल्या क्षणी थांबता आलं असतं?’

पालकांनाही सांगा, या वयात आठ ते दहा तास झोप हवी, अपुऱ्या झोपेने चिडचिड वाढते. मूल स्वतःला इजा करत असेल किंवा मरणाची भाषा बोलत असेल, तर त्याला एकटं सोडू नका. लगेच पालकांना कळवा आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर फोन करा.