इमर्जन्सीत वेदनेची नोंद: नुसता आकडा पुरत नाही

वेदनेचा पहिला स्कोअर नाडी-रक्तदाबासोबतच घ्यावा. बोलू शकणाऱ्या प्रौढाला विचारा: "० म्हणजे अजिबात दुखत नाही, १० म्हणजे कल्पनेतली सर्वांत वाईट वेदना. आत्ता किती?" मग तोच प्रश्न खोल श्वास घेताना, खोकताना किंवा दुखरा भाग हलवताना विचारा. सर्वाधिक चुकते ते इथेच. बरगडी मोडलेला रुग्ण निपचित पडून ३ सांगतो आणि खोकताना ८. केसपेपरवर फक्त ३ गेले की औषध कमी पडते, तो खोकणे टाळतो, कफ साचतो आणि न्यूमोनियाचा धोका वाढतो.

रुग्णाने सांगितलेला आकडाच लिहा. नाडी आणि रक्तदाब नॉर्मल असले तरी तीव्र वेदना असू शकते, त्यामुळे "एवढं दुखत असेल असं वाटत नाही" म्हणून आकडा खाली आणू नये.

आकडा सांगता न येणाऱ्या लहान मुलांसाठी फ्लॅक स्केल वापरा: चेहरा, पाय, हालचाल, रडणे, समजावल्यावर शांत होणे, प्रत्येकाला ० ते २, एकूण १०. साधारण तीन वर्षांपुढे चेहऱ्यांची पट्टी चालते, पण बोट मुलानेच ठेवायचे. त्याचा चेहरा पाहून आपण चित्र जुळवायचे नाही. डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) असल्यास पेनॅड, व्हेंटिलेटरवर सीपॉट; दोन्ही रुग्णाचे वर्तन पाहून गुण देणारी स्केल. स्नायू शिथिल करून हालचालच थांबवणारे औषध चालू असेल तर वर्तनावरचे कुठलेच स्केल लागू पडत नाही. अशा वेळी शून्य लिहू नये, "मोजता येत नाही" असे लिहून वेदनाशामक चालू ठेवावे.

नोंद अशी हवी: "१४:१०, उजवे मनगट, स्थिर ४, हलवताना ८, 'ठणकतंय', बोटांची संवेदना ठीक." पुढे औषध, डोस, मार्ग, वेळ.

शिरेतून औषध दिल्यावर १५ ते ३० मिनिटांनी, तोंडाने दिल्यावर सुमारे तासाभराने त्याच स्केलवर पुन्हा मोजा. स्केल बदलले तर तुलनाच उरत नाही. ओपिऑइड (मॉर्फिनसारखे औषध) दिले असेल तर गुंगीची पातळी आणि श्वसनाचा दर शेजारीच लिहा. रुग्ण झोपला म्हणजे वेदना गेली असे नाही. हाक मारून जागा होतो का ते पाहा.

प्लास्टरनंतर औषध देऊनही वेदना वाढत असेल, बोटे आपण ताणल्यावर कळ असह्य होत असेल, तर कंपार्टमेंट सिंड्रोम (स्नायूंच्या कप्प्यात दाब वाढून रक्तपुरवठा अडणे) धरून डॉक्टरांना तत्काळ बोलवा. नाडी लागतेय म्हणून थांबू नका. ती बहुधा फार उशिरा जाते.