उपदेशात रोजच्या जगण्यातली गोष्ट कशी सांगावी

नाथान संदेष्टा दावीद राजासमोर उभा राहिला, तेव्हा त्याला फार कठीण गोष्ट बोलायची होती. राजाने दुसऱ्याची बायको घेतली होती आणि तिच्या नवऱ्याला, उरीयाला, लढाईत पुढे घालून मारवलं होतं. नाथानाने आरोपापासून सुरुवात केली नाही. त्याने एका गरीब माणसाच्या एकुलत्या एक कोकराची हकीकत सांगितली. ते कोकरू मालकाच्या घासातला घास खायचं, त्याच्या प्याल्यातून प्यायचं, त्याच्या उराशी झोपायचं. शेजारच्या श्रीमंताने पाहुण्यासाठी तेच ओढून नेलं. दावीद संतापून उठला, त्या श्रीमंताला शिक्षाही सुनावून बसला, आणि मग नाथान म्हणाला, "तो मनुष्य तूच आहेस."

बायबलमधल्या २ शमुवेल या पुस्तकाच्या १२व्या अध्यायात ही गोष्ट जेमतेम चार वचनांत संपते. उपदेश करायला शिकणाऱ्या कुणालाही मी आधी हीच चार वचनं वाचायला सांगतो. दावीद लहानपणी मेंढरं राखत होता. कोकरू उराशी घेऊन झोपणं म्हणजे काय हे त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. नाथानाने गोष्ट निवडली ती ऐकणाऱ्याच्या आयुष्यातून, आणि तिला काम दिलं एकच. पुढे जे सांगतो आहे ते सगळं या दोन गोष्टींपाशी येऊन थांबतं.

आधी शास्त्रभाग, मग गोष्ट

हातात छान गोष्ट आहे म्हणून तिला साजेसं वचन शोधायचं, हा मोह प्रत्येकाला होतो. मलाही झाला आहे आणि तसे उपदेश मी केलेही आहेत. मंडळी हसली, रडली, दारात हात हातात घेऊन "छान झालं" म्हणाली. पुढच्या आठवड्यात विचारलं, तर शास्त्रपाठ कोणता होता हे कुणालाच आठवत नव्हतं.

म्हणून पहिली पायरी ही. नेमलेला शास्त्रभाग तीन-चार वेळा मोठ्याने वाचा, आणि तो काय सांगतो ते एका वाक्यात लिहा. "क्षमा" हा नुसता विषय झाला, ते वाक्य नव्हे. मत्तयाच्या शुभवर्तमानातला १८:२१-३५ हा येशूचा दाखला घ्या: राजा एका चाकराचं प्रचंड कर्ज माफ करतो, आणि तोच चाकर बाहेर पडून आपल्या सोबत्याचा छोट्या कर्जासाठी गळा धरतो. तर वाक्य असं होईल: "ज्याला अफाट कर्ज माफ झालं आहे, त्याने दुसऱ्याचा गळा धरून ठेवू नये." हे वाक्य कागदाच्या माथ्यावर राहू द्या. पुढे सुचणारी प्रत्येक गोष्ट या वाक्यापुढे उभी करून पाहायची.

मग स्वतःला विचारा, की ऐकणारा नेमका कुठे अडखळेल. गोष्टीची जागा तिथेच आहे. जे वाचताक्षणी समजतं तिथे गोष्ट घातली तर वेळ जातो, बाकी काही होत नाही. याच दाखल्यात मूळ ग्रीकमध्ये मोठं कर्ज दहा हजार तालांत आहे आणि छोटं शंभर दीनार. एक दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, आणि एक तालांत म्हणजे साधारण ६,००० दीनार. म्हणजे पहिल्या चाकराचं देणं सहा कोटी दिवसांच्या मजुरीइतकं होतं, आणि दुसऱ्याचं शंभर दिवसांच्या. हा हिशेब सांगितला की पहिला अर्धा भाग आपोआप उलगडतो, तिथे गोष्ट लागत नाही. लोक अडखळतात ते दुसऱ्या अर्ध्यात. शंभर दिवसांची मजुरी ही काही किरकोळ रक्कम नाही. आपलं खरोखर नुकसान झालेलं असतं, आणि तरी सोडून द्या असं सांगितलं जातं. मला गोष्ट हवी आहे ती इथे.

येशूची सामग्री पाहा

पीठ फुगवणारं खमीर, झाडू घेऊन नाणं शोधणारी बाई, मध्यरात्री दार ठोठावणारा मित्र, कामाची वाट पाहत बाजारात उभे असलेले मजूर, पुन्हा पुन्हा न्यायाधीशाकडे जाणारी विधवा. शुभवर्तमानांतल्या दाखल्यांत चमत्कारिक प्रसंग जवळपास नाहीत. लूक १३:४ मध्ये तर येशू त्या काळी लोकांच्या तोंडी असलेली बातमीच घेतो: शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेली, ती यरुशलेमेतल्या इतरांपेक्षा जास्त पापी होती असं तुम्हाला वाटतं काय? त्याने बुरूज कसा पडला ते रंगवलं नाही, मेलेल्यांच्या घरच्यांचं रडणं ऐकवलं नाही. एक प्रश्न विचारला आणि थेट पश्चात्तापाकडे वळला. ताजी दुर्घटना उपदेशात घ्यायची झाली तर ती इतक्याच संयमाने घ्यावी.

वही ठेवा

ऐन शनिवारी रात्री गोष्ट सापडत नाही. ती आठवडाभर समोरून जात असते आणि आपण तिची नोंद केलेली नसते. छोटी वही ठेवा, नाहीतर मोबाइलमध्ये लिहा. तारीख, जागा, काय दिसलं, आणि कुणी काही बोललं असेल तर त्याच शब्दांत ते वाक्य. तात्पर्य मात्र लिहू नका. तात्पर्य लिहिलं की ती नोंद एकाच वचनाला बांधली जाते. आज तुम्हाला जी सहनशीलतेची गोष्ट वाटते, ती तीन वर्षांनी कृपेची निघू शकते.

माझ्या वहीतली एक नोंद अशी आहे: "संध्याकाळ. फोन वाजला. मुलीने हातात घेतला, नाव मोठ्याने वाचलं. 'बाबा, उचलायचा नाही यांचा फोन आहे.'" एका माणसाने मला पैशांत फसवलं होतं. त्याचा नंबर मी "उचलायचा नाही" या नावाने ठेवला होता, आणि दोन वर्षांत मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. मुलीने विचारलं, "त्यांचं खरं नाव काय आहे?"

ही नोंद चौदा महिने वहीत पडून होती. मत्तय १८ वर उपदेश करायची वेळ आली आणि ती आपणहून पुढे आली.

जुळते का ते तपासा

दाखला एका बिंदूवर जुळतो, सगळीकडे जुळत नाही. कोणत्या बिंदूवर जुळतो हे सांगणाऱ्याला पक्कं ठाऊक हवं, आणि बाकीच्या बाजूंनी तो चुकीचं काही शिकवत नाही ना हेही. यात चांगली माणसं फसतात. त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हे समजावताना पाणी, बर्फ आणि वाफ हे उदाहरण सर्रास दिलं जातं. त्यातून मूल शिकतं ते असं, की एकच देव वेळेनुसार तीन रूपं घेतो. पण मत्तय ३:१६-१७ मध्ये पुत्र पाण्यातून वर येतो आहे, आत्मा उतरतो आहे आणि पिता बोलतो आहे, सगळं एकाच वेळी. मंडळीने फार पूर्वी नाकारलेली शिकवण आपण एका सोप्या उदाहरणातून पुन्हा आत आणतो.

दुसरं उदाहरण रेल्वेच्या उघडमिट पुलाच्या रखवालदाराचं. गाडीतल्या लोकांना वाचवण्यासाठी तो पूल खाली घेतो आणि त्यात त्याचाच मुलगा चिरडला जातो. ऐकताना डोळ्यांत पाणी येतं. पण त्या मुलाला काही माहीतच नव्हतं. येशू योहान १०:१८ मध्ये म्हणतो, की माझा प्राण कुणी माझ्यापासून घेत नाही, मी होऊन तो देतो. वधस्तंभ म्हणजे अपघात नव्हे. ही गोष्ट नेमकं तेच पुसून टाकते, म्हणून ती कितीही हृदयद्रावक असली तरी मी सांगत नाही.

खरी आहे का?

आपण सत्याची साक्ष द्यायला उभे राहतो, तेव्हा खोटी गोष्ट खरी म्हणून सांगणं मला मान्य नाही, अगदी चांगल्या हेतूनेही. गरुड म्हातारपणी आपली चोच खडकावर आपटून उपटतो, नखं काढतो, ती पुन्हा उगवतात आणि तो आणखी तीस वर्षं जगतो, ही गोष्ट यशया ४०:३१ बरोबर (परमेश्वराची आशा धरणारे गरुडांसारखे पंखांनी वर उडतील) कितीतरी वेळा ऐकली आहे. चोच नसलेला गरुड उपाशी मरेल. पक्ष्यांचा अभ्यास असलेलं एखादं शाळकरी पोरही हे ओळखतं, आणि मग बाकीच्या उपदेशावरही ते विश्वास का ठेवील? श्रीमंताने देवाच्या राज्यात जाण्यापेक्षा उंटाने सुईच्या नाकातून जाणं सोपं, असं येशू म्हणतो. ते सुईचं नाक म्हणजे यरुशलेमेतला एक बुटका दरवाजा होता आणि उंट त्यातून गुडघ्यांवर रांगत जायचा, हेही तसंच. येशूच्या काळी असा दरवाजा असल्याचा पुरावा नाही. शिवाय मग तारण कुणाचं होणार या शिष्यांच्या प्रश्नाला येशूने दिलेल्या "माणसांना हे अशक्य आहे" या उत्तरातला जीवच त्याने जातो, कारण रांगत जाणं अवघड असलं तरी अशक्य नव्हे.

दुसऱ्याची गोष्ट असेल तर "मी एके ठिकाणी वाचलं" म्हणा. रचलेली असेल तर "समजा" म्हणून सुरू करा, लोक तितक्याच लक्षाने ऐकतात. मात्र दुसऱ्याचा अनुभव स्वतःचा म्हणून कधीही सांगू नका.

लिहा, मग अर्धी काढून टाका

फोनची गोष्ट मी पहिल्यांदा लिहिली तेव्हा ती अशी सुरू होत होती: "आज आपल्या सगळ्यांच्या हातात मोबाइल आहे. मोबाइलमुळे जग जवळ आलं, पण माणसं दूर गेली. अशाच एका संध्याकाळी मी घरी बसलो असताना..." पुढे त्या माणसाशी ओळख कशी झाली, व्यवहार काय होता, किती जणांनी मला सावध केलं होतं. सगळं मिळून पाच मिनिटं.

शेवटी सांगितली ती अशी: "एका माणसाने मला फसवलं होतं. त्याचा नंबर माझ्या फोनमध्ये 'उचलायचा नाही' या नावाने होता. एका संध्याकाळी फोन वाजला, माझ्या मुलीने नाव वाचलं आणि विचारलं, बाबा, यांचं खरं नाव काय? त्या दिवशी मी फोन उचलला नाही. आठ दिवसांनी उचलला. मत्तय १८:२८ मधल्या चाकराने आपल्या सोबत्याचा गळा धरला होता. मी कुणाचा गळा धरला नव्हता. मी फक्त एक नाव ठेवलं होतं, आणि दोन वर्षं ठेवलं होतं."

दीड मिनिटाच्या आत संपतं. व्यवहाराचा तपशील गेला, कारण तो राहिला असता तर मंडळी मनातल्या मनात माझ्या बाजूने न्यायनिवाडा करत बसली असती. "आठ दिवसांनी" हे मात्र मुद्दाम ठेवलं. मी लगेच फोन उचलला असं सांगितलं असतं तर मी त्या गोष्टीचा नायक झालो असतो, आणि ज्याला अजून क्षमा करता आलेली नाही तो माणूस बाकावर बसून आणखी खचला असता.

गोष्ट संपताच वचनाकडे वळलो तेही पाहा. मध्ये "यावरून आपण काय शिकतो" असं काही नाही. गोष्ट नीट बसली असेल तर तिचा अर्थ सांगावा लागत नाही. सांगावा लागत असेल तर ती बदला.

पंचवीस-तीस मिनिटांच्या उपदेशात अशा दोन गोष्टी मला पुरतात. तिसरी आली की पहिली पुसली जाते. दर वेळी बायको-मुलांच्याच गोष्टी नकोत. समोर अविवाहित आहेत, विधवा आहेत, मूल नसलेली जोडपी आहेत. आणि कुठे, कधी, कोणती गोष्ट सांगितली ते वहीत त्या नोंदीसमोर लिहून ठेवा. तीच गोष्ट त्याच मंडळीला पुन्हा ऐकवली गेली, तर लोक सौजन्याने गप्प बसतात, पण ऐकणं थांबवतात.

ज्याची गोष्ट, त्याला विचारा

हे मी शेवटी ठेवलं आहे, कारण व्यासपीठावर चढण्याआधी शेवटी तपासायचं ते हेच. प्रार्थनेसाठी एका घरी गेलो असताना एक ताई आपल्या मुलाबद्दल माझ्याशी बोलल्या होत्या. काही महिन्यांनी मी ते नाव न घेता, गाव बदलून उपदेशात सांगितलं. तिसऱ्या बाकावर त्यांची मान खाली गेली ती वर आलीच नाही. पुढच्या रविवारी त्या आल्या नाहीत. मी घरी गेलो. त्या म्हणाल्या, "पाळकसाहेब, तुम्ही नाव घेतलं नाहीत हे खरं. पण माझ्या शेजारी बसलेलीने माझा हात धरला." मी क्षमा मागितली आणि त्यांनी ती केली, तरी त्यानंतर त्यांनी मला घरातलं काही सांगितलं नाही.

विश्वासाने सांगितलेलं व्यासपीठावर येत नाही, एवढा नियम मी तेव्हापासून पाळतो. बाकी गोष्टींत जो माणूस आहे त्याला मंगळवार-बुधवारपर्यंत विचारायचं, म्हणजे तो नाही म्हणाला तर दुसरी गोष्ट शोधायला वेळ राहतो. स्वतःच्या मुलांनाही विचारायचं. माझ्या मुलीने होकार दिला, पण तिचं वय सांगायचं नाही अशी अट घातली.

फोनच्या गोष्टीतल्या त्या माणसालाही विचारणं भाग होतं. मी फोन लावला, मत्तय १८ बद्दल सांगितलं, नंबर कोणत्या नावाने ठेवला होता तेही सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "आता कोणत्या नावाने आहे?"

मी त्याचं नाव घेतलं.

"मग सांग," तो म्हणाला.