सहकाऱ्यांमधला वाद मिटवताना

मध्यस्थ म्हणून दोघांचा थेट वरिष्ठ शक्यतो नको. ज्याच्या हातात पगारवाढ आहे, त्याच्यासमोर कुणी मोकळे बोलत नाही.

आधी प्रत्येकाला वेगळे भेटा, साधारण 30 ते 45 मिनिटे. बोललेले परवानगीशिवाय दुसऱ्यापर्यंत जाणार नाही, हे सुरुवातीलाच सांगा. अपवाद फक्त छळ किंवा मारहाणीचा. तसे काही निघाले तर मध्यस्थी थांबवा, ते काम रीतसर चौकशीचे.

एकत्र बैठकीत एकाने बोलायचे, दुसऱ्याने मध्ये न तोडता ऐकायचे आणि ऐकलेले स्वतःच्या शब्दांत परत सांगायचे. ही पायरी वेळ खाते, पण कृपा करून गाळू नका. गैरसमज इथेच उघडे पडतात. मागणीमागची गरजही शोधा. ‘त्याला टीममधून काढा’ यामागे कित्येकदा ‘माझ्या कामाचे श्रेय मला मिळावे’ एवढेच असते. आवाज चढले तर 10 मिनिटे थांबा, पुन्हा वेगवेगळे बोला.

तोडगा त्यांच्याच तोंडून येऊ द्या. लादलेला टिकत नाही.

समझोता लेखी आणि नेमका हवा. ‘नीट वागू’ हे तपासता येत नाही. ‘कामातला बदल आदल्या दिवशी दुपारी 4 पर्यंत ईमेलने कळवू’ हे येते. 2 आठवड्यांनी आणि पुन्हा 6 आठवड्यांनी दोघांना भेटून आढावा घ्या.